उपग्रह ठावठिकाणा सांगतो, गाडी कोण थांबवतो?

2 ऑगस्ट 1999 रोजी मध्यरात्रीनंतर पश्चिम बंगालमधील गैसल येथे अवध-आसाम एक्स्प्रेस व ब्रह्मपुत्र मेल या दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या. त्या धडकेत अडीचशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा आकाशातून कळत असता, तर हा अनर्थ टळला असता काय, हा प्रश्न त्या दुर्घटनेनंतर प्रकर्षाने पुढे आला.

उत्तर शोधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न कोकण रेल्वेत झाला. तेथील अभियंते बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी यंत्र तयार झाले. इंजिनावरील यंत्राने उपग्रहांकडून आपले स्थान जाणावे, जवळच्या गाड्यांशी रेडिओद्वारे संवाद साधावा आणि धोका दिसताच ब्रेक लावावा, अशी ती योजना होती. पुढे ईशान्य सीमान्त रेल्वेवर हे यंत्र बसविण्यातही आले. तथापि देशभर त्याचा विस्तार झाला नाही. असे का व्हावे, हे समजण्यासाठी उपग्रहाचे गणित पाहिले पाहिजे.

उपग्रहावर अत्यंत अचूक आण्विक घड्याळ असते. त्याचा संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की स्थान निश्चित होते. येथे सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे सुमारे 300 मीटरचा फरक! सर्व काळजी घेऊनही साध्या यंत्रात काही मीटरची चूक उरतेच. रस्त्यावरील मोटारीला ती चालते. रेल्वेचे शेजारी-शेजारी असलेले दोन मार्ग मात्र जेमतेम चार-पाच मीटर अंतरावर असतात. गाडी ‘अप’ मार्गावर आहे की ‘डाऊन’ मार्गावर, हे निर्विवादपणे कळले नाही, तर निर्धोक गाडी विनाकारण थांबेल, किंवा धोक्यातील गाडी तशीच पुढे धावेल. शिवाय बोगद्यात उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही, आणि कोकण रेल्वेवरील करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे.

याचा अर्थ उपग्रह निरुपयोगी आहेत, असा मुळीच नाही. पूर्वी गाडी गेल्याची वर्दी स्टेशनमास्तर दूरध्वनीवरून नियंत्रण कक्षाला देत आणि तेथील कर्मचारी कागदी तक्त्यावर रेघ ओढत. दोन स्थानकांच्या मध्ये गाडी कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नसे. आता इस्रोच्या सहकार्याने उभारलेल्या यंत्रणेत ‘गगन’ या भारतीय उपग्रहसेवेच्या साहाय्याने इंजिनाचे स्थान व वेग दर 30 सेकंदांनी नियंत्रण कक्षात आपोआप उमटतो. उत्तर भारतातील धुक्यात चालकाला सिग्नल दिसत नाही, म्हणून रुळावर फटाके ठेवून त्याला सावध करण्याची जुनी पद्धत आहे. आज ‘फॉग पास’ नावाचे उपग्रहाधारित उपकरण पुढील सिग्नल वा फाटक येण्यापूर्वी सुमारे 500 मीटरवर चालकाला आवाजाने सूचना देते. 2023-24 च्या हिवाळ्यासाठी रेल्वेने अशा 19,742 उपकरणांची तरतूद केली होती.

परंतु सूचना देणे वेगळे आणि ब्रेक लावणे वेगळे. 2020 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या ‘कवच’मध्ये हा विवेक दिसतो. तेथे स्थान निश्चित करण्यासाठी मुख्य भिस्त जमिनीवर आहे. रुळांखालील स्लीपरवर बसविलेले टॅग इंजिनाला मार्ग व जागा सांगतात. मधले अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजले जाते आणि सिग्नलची स्थिती रेडिओवरून कळते. चालकाने लाल सिग्नलपूर्वी ब्रेक लावला नाही, तर यंत्रणा स्वतः लावते. उपग्रहाचा उपयोग सर्व घड्याळे एका वेळेवर ठेवण्यासाठी होतो.

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही, त्याला संशय नव्हे, जबाबदारी कारणीभूत असते. हजारो प्रवाशांचे प्राण ज्या निर्णयावर अवलंबून आहेत, तोही एकाच साक्षीवर सोपविता येत नाही. मुंबई-दिल्ली व दिल्ली-हावडा या वर्दळीच्या मार्गांना ‘कवच’साठी अग्रक्रम देण्यात आला. टॅग, मनोरे व इंजिनांवरील यंत्रे बसविण्याचे हे काम खर्चिक, कष्टाचे आणि आकाशातील उपग्रहासारखे नजरेत न भरणारे आहे. तरीही ते देशभर पूर्ण होण्यातच प्रवाशांची खरी सुरक्षितता आहे.