जुन्या खेळांच्या तबकड्या : खऱ्या कोणत्या, खोट्या कोणत्या?

जुन्या वस्तूंचा लोभ हा कांहीं आजचा नव्हे. कोणी नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें, कोणी मोडी कागदांचीं बाडें. आणि जेथें जमविणारे आहेत तेथें बनावट माल करणारेहि असावयाचेच. खोटें नाणें आणि खोटा ताम्रपट हीं आपल्या देशास अपरिचित नाहींत. सनदेवर शिक्का दिसला म्हणजे ती खरी, असें मानण्याचे दिवस राजवाड्यांच्या पिढीनेंच संपविले. कागद, शाई, अक्षरांचें वळण, कालगणना आणि मजकुराची संगति या साऱ्यांच्या साक्षी घेतल्यावांचून निकाल देऊं नये, हा धडा त्या पिढीनें घालून दिला. आज आम्ही ज्या वस्तूंविषयीं लिहिणार आहों त्यांचें वय अवघें चाळीस वर्षांचें आहे, आणि पुष्कळ वडील मंडळींच्या मतें त्या पोरखेळांतच जमा होतील. तथापि त्यांची परीक्षा करूं गेलें असतां हाच धडा पावलोपावलीं उपयोगी पडतो.

या वस्तु म्हणजे व्हिडिओ गेमच्या जुन्या चुंबकीय तबकड्या, म्हणजेच डिस्क. नोकरीनिमित्त जपानांत किंवा अमेरिकेंत असलेले आपल्या घरांतील पुतणे-भाचे असले खेळ हौसेनें विकत घेतात. त्यांतील एखाद्या दुर्मिळ तबकडीस कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी किंमत पडते. एवढा पैसा जेथें गुंततो तेथें "मुलांचें वेड" म्हणून हसून सोडून देण्यापेक्षां, खरें-खोटें कसें पाहावें हें घरांतील चार माणसांनीं समजून घेणें अधिक शहाणपणाचें होय.

५०० येनांत नवा खेळ

विवेचनासाठीं आम्ही एकच उदाहरण मुख्यत्वें घेतों. जपानांतील निन्टेंडो कंपनीनें आपल्या फॅमिकॉम या खेळयंत्रास जोडण्याचें 'डिस्क सिस्टिम' नांवाचें उपकरण २१ फेब्रुवारी १९८६ रोजीं बाजारांत आणलें. त्याची किंमत १५,००० येन होती. तोंवर खेळ कार्ट्रिजमध्यें, म्हणजे चिप बसविलेल्या डबींत, येत असत. नवी तबकडी तिच्यापेक्षां स्वस्त होती आणि तिच्यावर पुन्हां पुन्हां लिहितां येत असे. पिवळ्या रंगाच्या चौकोनी वेष्टणांतील ही तबकडी दोन्ही बाजूंनीं उपयोगांत येई; एक बाजू संपली कीं खेळणाऱ्यानें ती हातानें उलटावयाची.

या योजनेंतील खरी नवलाई दुकानांत होती. कंपनीनें जपानभर दुकानांतून 'डिस्क रायटर' नांवाचीं यंत्रें ठेविलीं. मुलानें आपली जुनी तबकडी घेऊन जावें, ५०० येन द्यावे, आणि कंटाळा आलेला खेळ पुसून तिच्यावर नवा लिहवून आणावा. दुकानांतील हीं यंत्रें १९९३ च्या सुमारास निघालीं. पुढेंहि कंपनी स्वतः तबकड्या लिहून देत असे, आणि ती सोय ३० सप्टेंबर २००३ रोजीं बंद झाली. डिस्क सिस्टिम जपानबाहेर अधिकृतपणें विकली गेली नाहीं. तेव्हां आपल्याकडे एखादी तबकडी आढळली तर ती कोणी तरी मुद्दाम आणलेली आहे, हें धरून चालावें.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, त्याविना परीक्षा उलटी होते. कार्ट्रिजच्या बाबतींत वरची चिठ्ठी एका खेळाची आणि आंतील खेळ दुसरा असें आढळलें तर संशय घेणें रास्त आहे. तबकडीच्या बाबतींत तीच विसंगति पुष्कळदां प्रामाणिकपणाची खूण असते. एखाद्या मुलानें तीन वर्षांत चार खेळ लिहवून घेतले असतील आणि नवी चिठ्ठी लावण्याचा आळस केला असेल. उलट वरून कोरी करकरीत, आंतबाहेर अगदीं जुळणारी तबकडी खरी असेलच असें नाहीं. "चिठ्ठी जुळत नाहीं, म्हणून खोटी" असें बोलून प्रामाणिक विक्रेत्यास चोर ठरविणें हा अन्याय होय. आणि "चिठ्ठी जुळते, म्हणून खरी" असें मानून पैसे मोजणें हा भोळेपणा होय.

बाहेरून काय पाहावें

वेष्टणाच्या खालच्या कडेस कंपनीच्या नांवाचीं अक्षरें खोलगट ठशानें उमटविलेलीं असतात. हा ठसा शोभेचा नाहीं. यंत्रांतील एक भाग या अक्षरांतील खांचांशीं जुळावा आणि दुसऱ्या कोणाची तबकडी आंत बसूं नये, अशी ती योजना होती. बनावट करणाऱ्यांनीं मग नेमक्या त्याच ठिकाणीं खांचा पाडून अक्षरांचा घाट थोडा बदलला, म्हणजे यंत्रहि फसे आणि कंपनीच्या नांवाची हुबेहूब नक्कलहि होत नसे. म्हणून हीं अक्षरें भिंगाखालीं एकेक करून वाचावींत. घाईनें पाहणाऱ्यास तीं बरोबरच वाटतात.

मात्र अधिकृत तबकड्यांतहि सगळ्या पिवळ्या नाहींत. १९८७ पासून कांहीं खेळ निळ्या वेष्टणांत आले. त्यांना धातूची सरकती झांकणी असे. या खेळांत मिळविलेले गुण दुकानांतील 'डिस्क फॅक्स' यंत्रामार्फत थेट कंपनीकडे पाठविण्याची स्पर्धा होती. गोल्फच्या अशाच एका स्पर्धेंत बक्षीस म्हणून सोनेरी तबकडी दिली गेली. तेव्हां रंग निराळा दिसला म्हणून तबकडी खोटी ठरत नाहीं. परंतु निळी तबकडी झांकणीवांचून आली, किंवा ज्या खेळाचा स्पर्धेशीं संबंध नाहीं त्याची छापील चिठ्ठी निळ्या वेष्टणावर दिसली, तर विचारपूस करावी.

चिठ्ठीची छपाई हा दुसरा साक्षीदार. त्या काळची रंगीत ऑफसेट छपाई भिंगाखालीं पाहिली तर चार रंगांचे ठिपके ठराविक कोनांत, रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणें शिस्तीनें मांडलेले दिसतात. घरगुती इंकजेट यंत्राचे ठिपके विस्कळीत, उधळल्यासारखे असतात. लेझर यंत्राची भुकटी कागदावर किंचित् उठून चमकते. कांहीं जण अतिनील दिवा घेऊन कागद चमकला कीं तो नवा असें सांगतात. शंभर वर्षांपूर्वींच्या कागदास ही कसोटी लागेल. परंतु कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलीं जाणारीं चमकद्रव्यें १९५० च्या सुमारापासूनच वापरांत आहेत. १९८६ ची खरी चिठ्ठीहि त्या दिव्याखालीं खुशाल चमकेल.

आंतील लेख

तबकडीच्या आरंभीं एक छोटा लेख चुंबकीय रूपानें कोरलेला असतो. ती तिची जन्मपत्रिकाच म्हणावी. त्यांत प्रथम कंपनीच्या नांवाचा ठराविक मजकूर येतो. तो नसेल तर यंत्र तबकडी चालवीतच नाहीं. पुढें खेळ काढणाऱ्या संस्थेचा क्रमांक, खेळाचें तीन अक्षरी नांव, बाजू कोणती, आणि तयार झाल्याची तारीख. शिवाय तबकडी दुकानांत पुन्हां लिहिली असल्यास त्या लेखनाची तारीख, लिहिणाऱ्या यंत्राचा क्रमांक आणि कितव्या वेळीं लिहिलें त्याची संख्या यांसाठींहि जागा राखलेली असते.

या तारखांची एक गंमत आहे. वर्ष सामान्यतः इसवी सनाचें नसून जपानी 'शोवा' गणनेचें असतें. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो, तसें शोवा वर्षांत १९२५ मिळवावे लागतात. म्हणून ६१ हा आंकडा दिसला तर तो १९८६ होय. जानेवारी १९८९ मध्यें सम्राट् बदलले आणि 'हेइसेइ' गणना सुरू झाली. तींत १९८८ मिळवावे लागतात. ज्यांनीं शके, संवत् आणि फसली यांचा मेळ घालणारे आजोबा पाहिले आहेत, त्यांना हें काम मुळींच अवघड वाटूं नये.

आतां यावरून निष्कर्ष कसा काढावयाचा? तारखांचा क्रम सुसंगत पाहिजे. खेळ प्रसिद्ध होण्याच्या फार आधीं तो लिहिला गेल्याची नोंद असेल तर ती बोलकी आहे. परंतु सुसंगत लेख म्हणजे खरेपणाचा पुरावा नव्हे. आजचा नकलाकार जुनी खरी तबकडी घेतो आणि तिच्यावर संगणकांतून दुसऱ्या एखाद्या तबकडीची संपूर्ण प्रत उतरवितो. तसें करतांना मूळ तबकडीची जन्मपत्रिकाहि आयतीच येते. म्हणून दुकानांत लिहिलेल्या म्हणविणाऱ्या दोन तबकड्यांत तारीख, यंत्राचा क्रमांक आणि लेखनसंख्या अक्षरशः एकच निघाली, तर त्यांपैकीं एक तरी नक्कल असावी असें मानण्यास जागा आहे. कारखान्यांतून एकदम लिहून आलेल्या तबकड्यांना मात्र हा नियम लावूं नये. त्यांचे लेख सारखे असणेंच स्वाभाविक आहे.

१९८६ च्या डिसेंबरांतील 'ऑल नाइट निप्पॉन सुपर मारिओ ब्रदर्स' ही अशी विशेष तबकडी आहे. जपानांतील एका लोकप्रिय रेडिओ-कार्यक्रमाप्रीत्यर्थ ती निघाली, आणि नेहमींच्या खेळांतील कांहीं पात्रांच्या जागीं त्या कार्यक्रमांतील मंडळी घातलीं होतीं. हा मजकूर आज कोणत्याहि पिवळ्या तबकडीवर उतरवितां येतो. म्हणून खेळ नीट चालला, एवढ्यावरून तबकडी अस्सल ठरत नाहीं. मोल मजकुराचें नसून वस्तूचें आहे. तिची चिठ्ठी, वेष्टण आणि ती हातोहात कशी आली याची हकीकत यांवरच निकाल लागतो.

अमेरिकेंतील प्रकार

अमेरिकेंतील पहिल्या संगणकखेळांची अडचण निराळी आहे. रिचर्ड गॅरियट यांनीं विद्यार्थिदशेंत लिहिलेला 'अकालाबेथ' हा खेळ प्रथम टेक्सासमधील एका दुकानांतून साध्या प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून विकला गेला. मूळ वस्तूच अशी घरगुती असल्यावर तिची नक्कल करणें किती सोपें! २०२२ मध्यें या संग्राहकमंडळींत मोठी खळबळ उडाली. मोठ्या किंमतीस विकलेले कित्येक जुने खेळ आधुनिक बनावट आहेत असा आरोप झाला, आणि पुष्कळांनीं आपापल्या पेट्या उघडून चिठ्ठ्यांची छपाई नव्यानें तपासली.

येथेंहि तबकडीचा आंतील घाट साक्ष देतो. ॲपल-२ संगणकाच्या तबकड्यांवर प्रत्येक वर्तुळाचे आरंभीं १३ भाग पाडीत. १९८० मध्यें आलेल्या नव्या प्रणालीपासून १६ भाग पाडूं लागले. १९७९ ची म्हणविणारी तबकडी १६ भागांची निघाली तर तिच्यावरील लेखन त्या सालचें नाहीं. परंतु पूर्वींच्या मालकानें खेळ पुढें नव्या पद्धतीनें उतरवून घेतला असणेंहि शक्य आहे. येथें दोष लेखनाचा सिद्ध होतो, विक्रेत्याच्या हेतूचा नव्हे.

परीक्षेंतच वस्तु मरूं नये

एक गोष्ट आम्हांस कळकळीनें सांगावयाची आहे. जुनी तबकडी हातीं आली कीं ती लगेच यंत्रांत घालून पाहण्याचा मोह होतो. पिवळ्या तबकडीस झांकणी नसल्यामुळें तिच्यावर बोटांचे डाग आणि बुरशी सहज बसते. तशा स्थितींत ती फिरविली तर चुंबकीय थर खरवडला जातो. जुन्या यंत्रांतील रबरी पट्टाहि वितळून चिकट झालेला असतो. म्हणून आधीं उजेडांत नीट पाहावें, डाग दिसले तर जाणत्याकडून साफ करून घ्यावे, आणि चुंबकीय लहरी जशाच्या तशा टिपून घेणाऱ्या उपकरणानें एकदांच वाचून प्रत ठेवावी. "चालते कीं नाहीं पाहूं" म्हणून तिच्यावर कांहींहि लिहूं नये. एखाद्या मुलानें जपून ठेवलेला खेळ, त्याचे गुण, त्यानें पात्रास दिलेलें नांव, हें सारें त्या थरावरच असतें. पुसलें गेलें कीं तें पुन्हां कोठून आणावयाचें?

खरेदीपूर्वीं विक्रेत्याकडे चार गोष्टी मागाव्यात : चिठ्ठीचें जवळून घेतलेलें छायाचित्र, खालच्या ठशाचें छायाचित्र, आंतील लेखाची नक्कल, आणि वस्तु कोणाकडून आली याची लेखी हकीकत. प्रामाणिक माणूस यांस सहसा नाहीं म्हणत नाहीं. जो "आजच पैसे पाठवा, उद्यां दुसरा घेईल" म्हणून घाई करतो, त्यास दुसराच गिऱ्हाईक मिळूं द्यावा.

आणि आपलीच तबकडी नक्कल निघाली तर? नक्कल करणें हें पाप नव्हे; मूळ वस्तु झिजूं नये म्हणून प्रत काढणें हें तर सत्कृत्य होय. पाप तें लपविण्यांत आहे. फसलेला मनुष्य आपला तोटा भरून काढण्यासाठीं तीच वस्तु मुकाट्यानें दुसऱ्याच्या गळ्यांत बांधतो, आणि अशा रीतीनें एक लबाडी दहा भल्या घरांतून फिरत राहते. ती सांखळी तोडणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. वेष्टणाच्या पिशवींत एक कागद ठेवावा, त्यावर वस्तु कोठून, केव्हां व किती किंमतीस घेतली तें लिहावें, आणि प्रत असेल तर "प्रत" असें स्वच्छ अक्षरांत नमूद करावें. चाळीस वर्षांनीं आपल्या नातवंडांना त्या पेटींत खेळाबरोबर आपला शब्दहि सांपडेल, आणि त्याची परीक्षा करण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाहीं.