विजेच्या मोटारीची बॅटरी : तिचें वय व तिची हमी

यंत्र जुनें झालें कीं तें खडखडतें, धूर सोडतें, तेल गाळतें, आणि त्यावरून त्याचें वय कोणासही ओळखतां येतें. विजेच्या मोटारीचें तसें नाहीं. तिचा रंग उजळ असतो, चाल मुकाट असते. परंतु तिच्या किंमतीचा मोठा वांटा ज्या बॅटरींत गुंतलेला असतो, ती आंतल्या आंत झिजत असते. आगरदांड्याहून दिघीस जाणाऱ्या फेरीबोटींत अशा मोटारी आतां चढूं लागल्या आहेत; आणि पहिल्या धन्यानें विकावयास काढलेली मोटार कमी भावांत घेण्याचा मोह मुरुड-श्रीवर्धनकडील कुटुंबांस होणें साहजिक आहे. अशा वेळीं बॅटरी म्हातारी कशी होते व कंपनीची हमी कोठवर पुरते, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

या बॅटरींत लिथियमचे विद्युद्भारित कण एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे ये-जा करीत असतात. बॅटरी भरतांना ते ग्राफाइटच्या थरांत शिरतात व गाडी चालतांना परत फिरतात. ग्राफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो. तो आवश्यकच आहे. परंतु वर्षानुवर्षें तो जाड होत जातो आणि कांहीं लिथियम त्यांत कायमचें अडकून पडतें. जेवढें अडकलें, तेवढी साठवण घटली. तळाशीं गाळ सांचलेली विहीर वरून भरलेलीच दिसते. उपसा सुरू झाला म्हणजे मात्र ती लवकर आटते. मोटारीच्या तबकडीवरील शंभर टक्क्यांचा आंकडा असाच आहे. तो कांठ दाखवितो, खोली दाखवीत नाहीं.

ही झीज वापरानें होते, तशीच नुसत्या काळानेंही होते. आणि उष्णता दोहोंस हातभार लावते. निस्सान कंपनीची लीफ ही मोटार २०१० सालीं बाजारांत आली. तिच्या बॅटरीस थंड ठेवण्यासाठीं द्रवाची योजना नव्हती. अमेरिकेंतील ॲरिझोना या तप्त प्रांतांत साठवण लवकर घटल्याच्या तक्रारी २०१२ सालीं पुढें आल्या. तेव्हां कंपनीनें नवी हमी जाहीर केली : पांच वर्षें किंवा ६०,००० मैल यांच्या आंत मोजपट्टीच्या बारा घरांपैकीं नऊ घरेंही उरलीं नाहींत, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल. बॅटरी बिघडणें निराळें आणि म्हातारी होणें निराळें, हा भेद या प्रकरणानें जगापुढें आला.

आपल्या देशांत बंगळूरची रेवा मोटार २००१ सालीं बाजारांत आली. तिची बॅटरी शिसें व आम्ल यांची असल्यानें ती थोडक्या वर्षांत बदलावी लागे. पुढें जानेवारी २०२० मध्यें टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार आली. तिच्या बॅटरींत ३०.२ युनिटें वीज मावत असे, आणि हमी आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तेथवरची होती. म्हणजे २०२० सालीं घेतलेल्या गाडीची हमी फार तर २०२८ पर्यंत.

आतां हिशेब पाहावा. एका युनिटांत सहा-सात किलोमीटर धरले, तर नवी बॅटरी सुमारें दोनशे किलोमीटर नेते. साठवण सत्तर टक्क्यांवर आली कीं एकवीस युनिटें उरतात व मजल एकशेंचाळीसवर येते. मुंबईच्या उपनगरांतून आगरदांडा दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे वाटेंत थांबून वीज भरल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि अनेक कंपन्यांच्या हमीची रेषा याच सत्तर टक्क्यांवर ओढलेली असते. साठवण बाहात्तर टक्के भरली, तर मालकाची अडचण खरी. पण हमी लागू होत नाहीं.

रेषेखालीं गेल्यावरही नवी कोरी बॅटरी मिळेलच असें नाहीं. आंतील कांहीं भागच बदलला जातो, किंवा दुरुस्त केलेली बॅटरी दिली जाते. पाण्यांत बुडालेल्या वा परक्या हातानें उघडलेल्या बॅटरीस बहुधा हमी नसते, ही गोष्ट पावसाळी किनाऱ्यावर विशेष लक्षांत ठेवावी. टाटांनीं २०२५ सालीं आपल्या कांहीं मोटारींस आयुष्यभराची हमी जाहीर केली. तिचाही अर्थ १५ वर्षें, आणि तीही पहिल्या खासगी धन्यापुरती. दुसऱ्या धन्यानें हमीपत्रांतील हा शब्द डोळसपणें वाचावा.

जुनी मोटार घेण्यापूर्वीं परीक्षा सोपी आहे. ३०.२ युनिटांची बॅटरी वीस टक्क्यांपासून शंभरपर्यंत भरली, तर मधली गळ धरून घरच्या मीटरवर सत्तावीसेक युनिटें पडावींत. वीसच पडलीं, तर साठवण सुमारें चौथ्या हिश्श्यानें घटली असें समजावें. याखेरीज अधिकृत दुरुस्तीकेंद्राचा बॅटरीच्या स्थितीचा लेखी दाखला मागावा, आणि हमी आपल्या नांवें चालेल कीं नाहीं हेंही लेखीच घ्यावें.

हमी असूनही दाद लागली नाहीं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें राहत्या जिल्ह्यांतच तक्रार करतां येते; रायगडचा ग्राहक आयोग अलिबागेस आहे. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तेथें जावें लागतें, आणि तोंडी आश्वासनापेक्षां जपून ठेवलेला कागद तेथें अधिक बोलतो. बॅटरीचें वय थांबविणें कोणाच्या हातीं नाहीं. तिला रोज कांठोकांठ न भरणें, भरलेली गाडी उन्हांत न ठेवणें, आणि पैसे मोजण्याआधीं तिची खोली मोजणें, एवढें मात्र प्रत्येकाच्या हातीं आहे.