पोर्ट २२ वरची वर्दळ

महिन्याला चार-पाचशे रुपये भाड्याचा छोटा सर्व्हर, त्यावर एखाद्या संस्थेची साधी वेबसाइट. सांभाळणाऱ्याने सहज म्हणून 'ऑथ डॉट लॉग' ही नोंदींची फाइल उघडली की ओळींमागून ओळी धावू लागतात: 'फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर अ‍ॅडमिन'. मग 'टेस्ट', 'ओरॅकल', 'पोस्टग्रेस' आणि सतत येणारं 'रूट'. माणूस हादरतो. आपल्याच मागे कोण लागलं?

खरं तर कुणीच नाही; प्रोग्राम सरसकट सगळेच पत्ते चाळत असतात. इंटरनेटवर आयपीव्ही४ चे पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या 'झेडमॅप' या प्रोग्रामने एका संगणकावरून, गिगाबिट जोडणीवर, एका पोर्टसाठी सगळं सार्वजनिक इंटरनेट पाऊण तासाच्या आत चाळून दाखवलं. पत्ता कुणाचा आहे, हे असल्या चाळणीला ठाऊकही नसतं. त्यामुळे 'माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?' हा दिलासा फुकाचा. बहुतेकदा फाइली नको असतात, हवा असतो तो प्रोसेसर आणि इंटरनेट, म्हणजे क्रिप्टो माइनिंग, स्पॅम किंवा तिसऱ्याच कुणावर हल्ला. २०१६ च्या 'मिराई'ने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या फौजेने वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले.

'फेल्ड'च्या हजार ओळी म्हणजे सर्व्हर फुटला, हाही गैरसमजच. त्या हजार वेळा प्रवेश नाकारला गेला, एवढाच त्यांचा अर्थ. शोधायची ती 'अ‍ॅक्सेप्टेड' असलेली अनोळखी ओळ.

पोर्ट बदलला की सुरक्षा आली, असं सांगणारे पुष्कळ. २२ हा आकडा तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये फिनलंडमध्ये एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याचं साधन, लिहिताना मागून घेतला, कारण एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामध्ये तो मोकळा होता. तो बदलल्याने नोंदींतला गोंगाट खूप कमी होतो, आणि तेवढ्यासाठी बदलायला हरकत नाही. पण एकूण पोर्ट ६५,५३५, तेही चाळता येतात. पाटी काढली म्हणून कुलूप मजबूत होत नाही.

लॉगिन वारंवार चुकवणारे पत्ते रोखणाऱ्या 'फेल टू बॅन'चीही तीच गत. मूळ मांडणीत १० मिनिटांत ५ चुका झाल्या, की तो पत्ता १० मिनिटं बंद. हजारो पत्त्यांवरून प्रत्येकी दोन-तीनच प्रयत्न करणाऱ्या बॉटनेटला याचं काय सोयरसुतक? उलट घाईत पासवर्ड चुकवणारा मालकच बाहेर अडकतो.

खरा उपाय कंटाळवाणा आहे: कीची जोडी तयार करायची आणि पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद करायचं. यातला दुसरा भाग विसरतात ते बरेच. की बसवली तरी पासवर्डची वाट आपोआप मिटत नाही. शिवाय एक खोच आहे. मुख्य सेटिंग फाइलमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' समोर 'नो' लिहिलं, तरी भाड्याच्या अनेक उबुंटू सर्व्हरांवर शेजारच्या फोल्डरात, सर्व्हर पहिल्यांदा मांडून देणाऱ्या क्लाउड-इनिटची छोटी फाइल 'येस' म्हणत बसलेली असते. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएच पहिलंच उत्तर धरून चालतं.

म्हणून लिहिलेल्यावर विसंबू नका, करून बघा. सेवा रीलोड करा, चालू असलेली खिडकी तशीच उघडी ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून मुद्दाम कीशिवाय लॉगिन करा. पासवर्ड न विचारता 'परमिशन डिनाइड' आलं आणि पुढे कंसात फक्त 'पब्लिककी' दिसलं, तर काम झालं. तिथे 'पासवर्ड' किंवा 'कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह' दिसलं, तर एक वाट अजून उघडी आहे. ती बंद करा, नव्या खिडकीतून कीने आत शिरून खात्री करा आणि मगच जुनी खिडकी मिटा.