धुणं धुऊन टिकवलेली शाळा

बाल्टिमोरच्या सेंट फ्रान्सेस अकॅडमीचं स्थापनावर्ष १८२८ मानलं जातं. कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेल्या आणि आजही चालू असलेल्या अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमध्ये ही सर्वांत जुन्यांपैकी एक. पण खरं तर ही शाळा त्याआधीच भरत होती. एलिझाबेथ क्लारिस लँग आणि मारी मॅग्डलेन बलास या दोघी कृष्णवर्णीय मैत्रिणी आपल्या राहत्या घरात, फी न घेता, आजूबाजूच्या मुलांना शिकवत होत्या. ना मंडळ, ना देणगीदार, ना परवानगी. संस्थेची जन्मकथा सांगताना या घरातल्या शाळेचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, याचं मला वाईट वाटतं, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच उगवलं.

लँगबाई बहुधा क्यूबातल्या सांतियागोच्या. त्यांचं घराणं सँ-दोमँगमधून, म्हणजे आजच्या हैतीतून आलेलं. त्या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी बंड केलं आणि तिथून पळालेली गोरी आणि कृष्णवर्णीय कुटुंबं १७९३ पासून जहाजांनी बाल्टिमोरला उतरू लागली. लँगबाई १८१३च्या सुमारास या शहरात आल्या. घरची भाषा फ्रेंच, धर्म कॅथलिक, शिक्षण उत्तम. आणि भोवती स्वतःसारखीच फ्रेंच बोलणारी मुलं, ज्यांना अक्षर ओळखायला फारशी जागा नव्हती.

त्या वेळचं बाल्टिमोर समजून घ्यायला हवं. मेरीलँड हे गुलामगिरीचं राज्य. तरीही १८३०च्या जनगणनेत या शहरात सुमारे १४,८०० स्वतंत्र कृष्णवर्णीय होते आणि गुलाम सुमारे ४,१००. एवढी मोठी स्वतंत्र वस्ती असूनही १८२९ साली शहराने सरकारी शाळा सुरू केल्या त्या फक्त गोऱ्या मुलांसाठी. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची जबाबदारी शहराने उचलली ती थेट १८६७ साली. याच शहरात, लँगबाईंची घरची शाळा भरत होती त्याच सुमारास फ्रेडरिक डग्लस नावाचा गुलाम मुलगा मालकिणीकडून मुळाक्षरं शिकत होता. मालकाला कळताच त्याने ते शिकवणं बंद पाडलं. वाचायला शिकला तर हा गुलाम म्हणून उपयोगाचा राहणार नाही, असं तो बोलून गेला. डग्लसने ते वाक्य कानात साठवलं आणि रस्त्यातल्या मुलांकडून वाचन शिकून घेतलं.

पाका रस्त्यावरच्या सेंट मेरी सेमिनरीच्या तळघरात एक चॅपेल होतं. तिथे कृष्णवर्णीय मुलांना रविवारी धर्मशिक्षण दिलं जाई. हे काम फादर जेम्स जुबेर यांच्याकडे आलं. ते मूळचे फ्रान्सचे. सँ-दोमँगमध्ये नोकरीला होते, तिथून जीव वाचवून निघाले आणि पुढे सल्पिशियन संघात धर्मगुरू झाले. मुलांना धडा पाठ का होत नाही, हे त्यांना लगेच कळलं: पुस्तक हातात होतं, पण वाचता कुणालाच येत नव्हतं. जुबेर शाळेच्या विचाराला लागले आणि शिक्षिका शोधता शोधता लँग आणि बलास यांच्यापर्यंत पोचले. पैशांअभावी त्यांची घरची शाळा तोवर बंद पडली होती. आयुष्य देवाच्या कामाला वाहायचं, हा दोघींचा मनोदयही जुना होता. मग जुबेर यांनी शाळा आणि धर्मभगिनींचा संघ एकत्रच उभा करायचं ठरवलं. आर्चबिशप जेम्स व्हिटफील्ड यांनी संमती दिली. १८२८ साली मुलींची शाळा भरली आणि २ जुलै १८२९ रोजी लँग, बलास, रोझिन बोएग आणि तेरेझा ड्यूशमिन या चौघींनी व्रतं घेतली. लँग आता मदर मेरी झाल्या. संघाचं नाव 'ओब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स'. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचा अमेरिकेत टिकलेला हा पहिला कॅथलिक संघ. १८३१ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांचीही मान्यता आली.

रोमची मान्यता आली म्हणून रस्ता मोकळा झाला नाही. कृष्णवर्णीय बाईने धर्मभगिनीचा झगा घालून रस्त्यावरून चालावं, हेच अनेक गोऱ्या कॅथलिकांना सहन होत नव्हतं.

शाळेत काय शिकवत? धर्म, इंग्रजी, फ्रेंच, लेखन, अंकगणित, शिवण आणि भरतकाम, शिवाय धुणं आणि इस्त्री. शाळेच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलेलं होतं की या मुली पुढे एकतर घरच्या गृहिणी होतील किंवा कुणाच्या घरी कामाला लागतील. आज ते वाक्य टोचतं. पण वेळापत्रक पाहिलं की त्या वाक्यामागची हुशारी दिसते. समाजाला दाखवायला इस्त्री आणि धुणं होतं, आणि तीच मुलगी फ्रेंच व्याकरण आणि हिशोब शिकून बाहेर पडत होती. पुढे संगीतही आलं. शाळेतल्या मुलींचं भरतकाम नावाजलं गेलं. धर्मभगिनी स्वतः चर्चसाठी पूजेची वस्त्रं शिवत, त्याचे पैसे शाळेत येत.

१८३२ साली शहरात पटकीची साथ आली. गरीबगृहात शुश्रूषेला माणसं मिळेनात, तेव्हा या संघाकडे मागणी झाली. चार जणी हव्या होत्या, तयार सगळ्याच झाल्या. मदर लँग स्वतः गेल्या. सिस्टर अँथनी ड्यूशमिन, म्हणजे तेरेझाच्या आई, आर्चबिशपांच्या घरी रुग्णसेवा करताना दगावल्या.

मला मात्र मदर लँग सर्वांत स्पष्ट दिसतात त्या १८३५च्या एका पत्रात. सेमिनरीच्या घरकामाची जबाबदारी घ्यावी, असं संघाला विचारण्यात आलं होतं. पैशांची गरज तर होतीच. त्यांनी होकार दिला, पण अटी घालून. आपण कृष्णवर्णीय आहोत आणि धर्मभगिनीही आहोत, त्यामुळे फार ताठा दिसू नये आणि अंगावरच्या झग्याचा मानही कमी होऊ नये, असं त्यांनी लिहिलं. इतर नोकरांपासून वेगळी जागा मागितली. गुलामगिरीच्या राज्यात, ज्यांच्या आधारावर संस्था उभी आहे त्यांनाच एका बाईने इतक्या सभ्य शब्दांत आपली मर्यादा सांगावी, याचं मोल मोठं आहे.

नोव्हेंबर १८४३ मध्ये जुबेर वारले आणि खरे कठीण दिवस आले. सल्पिशियनांनी हात आखडता घेतला, आर्चबिशप एक्लस्टन यांना संघ टिकवण्यात फारसा रस नव्हता, विद्यार्थिनी कमी झाल्या. १८४५ मध्ये तेरेझा ड्यूशमिन निघून मिशिगनला गेल्या, तिथे त्यांनी दुसरा धर्मसंघ उभा करायला हात लावला. उरलेल्यांनी लोकांचं धुणं आणलं, कपडे शिवले, ठिगळं लावली आणि शाळा चालू ठेवली. १८४७ साली रिडेम्प्टरिस्ट संघाचे तरुण फादर थॅडिअस अँवँडर मदतीला आले. जबाबदारी मिळावी म्हणून त्यांनी आर्चबिशपांपुढे गुडघे टेकले, असं संघात सांगतात. मग त्यांनी घरोघरी फिरून मुलं जमवली. १८५२ मध्ये मुलांचीही शाळा सुरू झाली. यादवी युद्धानंतर पोरकी झालेली मुलं आली. १८७१ साली चेस रस्त्यावर नवी इमारत उभी राहिली. मदर लँग ३ फेब्रुवारी १८८२ रोजी तिथेच वारल्या. विसाव्या शतकात संघाच्या भगिनी हवानापर्यंत शाळा चालवायला पोचल्या.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. भिडेवाड्यातली शाळा १८४८ची. म्हणजे लँगबाई बाल्टिमोरमध्ये धुण्याच्या पैशांवर वर्ग टिकवत होत्या, त्याच सुमारास सावित्रीबाई पुण्यात शिव्याशाप झेलत शाळेत जात होत्या. एकीला दुसरीची वार्ताही नसणार. पण जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. लँगबाई त्या वेळी हयात होत्या आणि चेस रस्त्यावरच राहत होत्या.

सेंट फ्रान्सेस आज माध्यमिक शाळा आहे. चेस रस्त्यावरच, शहराच्या तुरुंगाजवळ. ज्या लहान मुलांसाठी सगळं सुरू झालं, त्यांचा वारसा शहराच्या दुसऱ्या भागात पुढे गेला. दोन जुन्या कॅथलिक शाळा एकत्र करून २०२१ मध्ये पूर्वप्राथमिक ते आठवीपर्यंतची नवी शाळा उघडली, बाल्टिमोर शहरात सुमारे साठ वर्षांत झालेली पहिली नवी कॅथलिक शाळा. तिला नाव दिलं मदर मेरी लँग यांचं. २०२३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'वंदनीय' घोषित केलं. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी. या शाळेला त्यांचं नाव आधीच मिळालेलं होतं.