शरणागतीआधीचं चेक-इन

१६ डिसेंबर १९७१चा तो फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. साधंसं टेबल, सही करणारे जनरल नियाझी, शेजारी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा. ढाक्याचं रमणा रेसकोर्स, भारतीय वेळ दुपारी ४ वाजून ३१ मिनिटं. सुमारे ९३ हजार युद्धकैदी! पण माझा इंटरेस्ट आहे तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवरच्या एका पॉश हॉटेलात.

मी राहतो भाईंदर पूर्वेला. आमच्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे वडा-उसळ, कटिंग आणि वर एसी फॅमिली रूम. त्यामुळे हॉटेलच्या दारात सरकार संपतं, हे पचायला जरा वेळ लागला.

ढाक्याचं इंटरकॉन्टिनेंटल १९६६मध्ये सुरू झालं. २५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने शहरात कत्तल सुरू केली आणि परदेशी पत्रकारांना याच हॉटेलात कोंडलं. मग थेट देशाबाहेर. सायमन ड्रिंग मात्र हॉटेलच्या गच्चीवर लपला, नंतर शहरात फिरला आणि ३० मार्चला त्याची बातमी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये झळकली. ९ जूनला मुक्तिवाहिनीच्या पोरांनी हॉटेलवर ग्रेनेड टाकले. आत वर्ल्ड बँकेचे पाहुणे होते ना! ‘ढाक्यात सगळं नॉर्मल आहे’ या सरकारी थापेचा फुगा त्यांच्यासमोरच फोडायचा होता.

डिसेंबरात युद्ध पेटलं आणि रेडक्रॉसने हॉटेल तटस्थ क्षेत्र जाहीर केलं. फंडा सिंपल : हत्यार बाहेर, माणूस आत. १४ डिसेंबरला भारताच्या मिग-२१ विमानांनी गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला चढवला. टार्गेट शोधायला वैमानिकांकडे होता चक्क टुरिस्ट मॅप! आत गव्हर्नर डॉ. ए. एम. मलिक यांची बैठक. बॉम्ब पडत असतानाच त्यांनी साध्या बॉलपेनने राजीनामा खरडला. खुर्ची सोडल्याशिवाय रेडक्रॉसच्या आसऱ्याला जायची सोय नव्हती. मग मंत्र्यांसकट स्वारी इंटरकॉन्टिनेंटलमध्ये. ज्या हॉटेलातून मार्चमध्ये पत्रकारांना हाकललं, तिथेच आता राज्यकर्ते जीव मुठीत धरून बसले, पत्रकारांच्या शेजारी! मला तर तो टेबलवरचा फोटो या चेक-इनचा पुढचा सीन वाटतो. मुलकी सरकार संपलं होतं, नियाझी एकटे उरले होते. दोन दिवसांत त्यांचीही सही झाली.

हॉटेल नंतर शेरेटन झालं, मग रूपसी बांगला. २०१८मध्ये पुन्हा इंटरकॉन्टिनेंटल या जुन्याच नावाने उघडलं.