उतारवयातील मालमोटारचालक

पारोळ्यावरून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांचे सारेच चालक तरुण नसतात. माझे मामा साठीला आले तरी गाडीवर आहेत. म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे वयाबरोबर उशिरा सावरतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका कळतो. थकव्याने तो वाढतोच. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा व पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली, ती याचसाठी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. जुन्या गाड्यांत मात्र खानदेशचा उन्हाळा तसाच सोसावा लागतो.

मामा डोळे तपासायला कचरतात. धास्ती चष्म्याची नव्हे, परवाना जाण्याची! "गाडी सुटनी ते खासूत काय, भाऊ?" असे ते विचारतात.

म्हणून मालकांनी दरवर्षी डोळे, रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी स्वखर्चाने करावी आणि दोष आढळल्यास चालकाला काढून न टाकता दिवसाची, जवळची फेरी द्यावी. पोटाची भीती गेली, तरच माणूस आपले दुखणे उघड सांगेल.