गेम खेळताना मुलगा रडला, तर?

“डॉक्टर, खेळता खेळता हा रडतो. डोक्यावर काही परिणाम तर झाला नाही ना?” भिवंडीतील आमच्या ओपीडीत एका यंत्रमाग कामगाराच्या पत्नीने विचारले. १४ वर्षांचा मुलगा मान खाली घालून उभा होता. चुलतभावाच्या संगणकावर तो ‘राजी’ खेळत असे. पुण्यात तयार झालेल्या, २०२० मध्ये आलेल्या या गेममध्ये राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला बहीण शोधत फिरते. “मलाही लहान भाऊ आहे,” तो हळूच म्हणाला.

सिनेमात आपण फक्त पाहतो. गेममध्ये बटण आपल्याच बोटाखाली असते. म्हणून ‘ती हरली’ असे न वाटता ‘मी तिला वाचवू शकलो नाही’ असे वाटते. हे रडणे आजार नव्हे, दुसऱ्याचे दुःख समजल्याची खूण आहे.

खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसूनही न थांबणे, असे साधारण १२ महिने चालले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. झोप, जेवण, शाळा सुटू लागली, तर मात्र इतके थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

त्या आईला मी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. “आज घरी गेल्यावर त्याला राजीची गोष्ट सांगायला लावा,” एवढेच म्हटले.